छातीवरची पट्टी

या, जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या, भिंत कुठे पळून जात नाही. आणि गोष्ट सुरू करण्याआधी एक काम करा. सावकाश, छाती भरेल एवढा श्वास आत घ्या. घेतलात? कुठे अडखळला? कुठे टोचलं? नाही ना! मग निम्मी गोष्ट न ऐकताच तुमच्या पदरात पडली. उरलेली निम्मी पेटीकाकांची आहे, ती मी सांगतो. हसू आलं तर मोकळं हसा. काकांना मधले काही दिवस तेवढं सुखही नव्हतं.

पेटीकाका बाजाच्या पेट्या दुरुस्त करत. पुढे दुकान, मागे घर आणि वरच्या मजल्यावर लेक नि जावई. हाताला गुण असा की मुकी झालेली पेटी त्यांच्या दुकानातून गात बाहेर पडे. आणि तोंडाला गुण असा की काकांचं एखादं वाक्य चहाबरोबर सुरू झालं, तर ते संपेपर्यंत कपावर साय धरलेली असे. काकू म्हणत, "अहो, मध्ये एखादा श्वास तरी घेत जा."

"अगं, भाता मजबूत असला की सूर तुटत नाही," असं म्हणून काका तेच वाक्य पुढे चालू करत.

आपला भाता मजबूत आहे याचा त्यांना अभिमान होता आणि तो देणाऱ्याबद्दल कृतज्ञताही होती. रविवारी प्रार्थनामंदिरात प्रवचनबाई गात गात प्रवचन सांगायच्या, तेव्हा मागच्या रांगेत बसून काका धृपद असं उचलत, की बाईंना पुढची ओळ सुरू करण्यासाठी त्यांच्या थांबण्याची वाट पाहावी लागे.

त्या दिवसांत घरात सगळं हळू चाललं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते. तिचा रक्तदाब मधूनच वर चढे आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हिला दचकवू नका, घाबरवू नका." घराने ते फारच मनावर घेतलं. काकू भांडी घासून फडक्यावर ठेवू लागल्या. जावई घरात शिरताना चपला हातात घेई. काकांनी आपल्या हातोडीला मोजा घातला. शिंक आली तर रस्त्यावर जाऊन शिंकायचं, असा ठराव झाला.

काकांची इच्छा एकच होती. जन्मभर दुसऱ्यांचे बिघडलेले सूर जुळवले, आता नातवंडाचा पहिला कोरा सूर कानाने ऐकायचा. बाळाचा पहिला टाहो. "तो ऐकला की मी मोकळा," असं ते म्हणत. काकू लगेच म्हणत, "मोकळे कशाला? दुपटी कोण धुणार?"

त्याच सुमारास प्रार्थनामंदिरातली मोठी पेटी दुकानात आली. पायाने भाता मारायची, कपाटाएवढी. तिचा भाता घड्यांवर फाटला होता. काकांनी मऊ कातड्याच्या पट्ट्या कापल्या आणि सरस गरम केला. हा सरस ते स्वतः शिजवत, आणि त्याच्याबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मी लावलेली पट्टी माझ्यामागेही निघायची नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. काकांनाही ते पुढे चांगलंच लक्षात राहिलं.

पट्टी चिकटवली की सरस वाळेपर्यंत वरून फळी घट्ट दाबून धरावी लागते. त्यासाठी काकांकडे एक मोठा लोखंडी शिकंजा होता. म्हणजे असायला हवा होता. तो मेव्हण्याने नेला होता. काकूंचा हा धाकटा भाऊ हौशी सुतार होता. त्याने केलेल्या बाकावर बसलं की माणूस नकळत उजवीकडच्या माणसाच्या अंगावर जाई. "भाऊजी, परवा आणून देतो," असं सांगून तो शिकंजा घेऊन गेला, त्या परव्याला बरेच दिवस झाले होते. मागायला जावं तर काकूंचा भाऊ! काकांनी तोड काढली. फळी भात्यावर ठेवायची आणि सरळ तिच्या कडेवर छाती टेकून ओणवं व्हायचं. हात मोकळे, कान मोकळे, छाती कामाला. तासतास ते असे पडून राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी तशाच अवस्थेत गप्पा मारत.

आणि एका सकाळी त्यांना जांभई आली.

जांभई सुरू तर झोकात झाली. पण छाती निम्मी भरली न भरली तोच डावीकडे, मधल्या हाडाच्या शेजारी अशी कळ आली, की जांभई तिथेच मोडली. तोंड उघडं ते उघडंच. काकांनी ते हाताने मिटवलं. मग हळूच छोटा श्वास घेतला. काही नाही. आणखी एक छोटा. काही नाही. मोठा घेतला, आणि कुणीतरी आतून खिळा ठोकावा तसं झालं.

दुसरा कुणी असता तर घाबरून डॉक्टरकडे गेला असता. काका घाबरले खरे, पण गेले कामाच्या टेबलाकडे. माणूस आपल्या धंद्याच्या डोळ्यांनीच जग बघतो. काकांनी विचार केला. अर्धा भाता उघडला तर दुखत नाही, पुरा उघडला की दुखतं. याचा अर्थ स्पष्ट होता. घडीवर चीर पडलीय. हे निदान होताच काकांना पुढचं सगळं दिसलं, कारण चीर पडलेल्या भात्याचं पुढे काय होतं ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आज एक घडी जाते, उद्या दुसरी, आणि एके दिवशी ऐन भजनात पेटी गप्प.

वर लेकीच्या पावलांचा आवाज झाला. काकांनी छताकडे पाहिलं आणि ठरवलं. कुणालाही सांगायचं नाही. काकूंना सांगावं तर त्यांच्या चेहऱ्यावर लगेच लिहिलं जाई, आणि लेक तो चेहरा वाचायला लहानपणापासून शिकलेली. तेव्हा बाळ येईपर्यंत भाता जपून वापरायचा. अर्धाच उघडायचा. देवाला त्यांनी एवढंच सांगितलं, "तो पहिला सूर ऐकेपर्यंत चालव, बाबा. पुढचं तू बघ."

अर्ध्या श्वासात बोलणं कसं मावणार? सकाळी काकूंनी चहा दिला.

"कसा झालाय?"

"बरा."

काकू थबकल्या. नेहमी या प्रश्नाला चहातल्या आल्यापासून हवामानापर्यंत उत्तर येई. "साखर कमी पडली का?"

"नाही."

"मग काय झालंय?"

"काही नाही."

नवरा तीन उत्तरांत मिळून चार शब्द बोलला! बाईच्या मनात पाल चुकचुकली. काकूंनी आदल्या आठवड्यातली आपली सगळी वाक्यं आठवून पाहिली, त्यांत काही सापडेना. मग नजर दुकानातल्या रिकाम्या खुंटीवर गेली. शिकंज्याची खुंटी! हां! हे माझ्या भावावरून फुगलेत.

त्यांनी भावाला फोन लावला. आवाज हळू, पण धार पूर्ण. "तुझे भाऊजी बोलत नाहीयेत. एका लोखंडाच्या तुकड्यासाठी माझा संसार मोडणार आहेस का?"

"अगं ताई, शिकंजा अजून थोडे दिवस लागणारच आहे गं..."

"काय करतोयस एवढं? जहाज बांधतोयस?"

"ते... आत्ता नाही सांगता येत. पण भाऊजींना हसवायचं माझ्याकडे लागलं. येतो संध्याकाळी."

मेव्हणा आला. नकला करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याने आपल्या कचेरीतल्या साहेबाची नक्कल सुरू केली, साहेब फोनवर बायकोशी कसा बोलतो आणि लगेच शिपायाशी कसा बोलतो. एरवी काका यावर मांडी थोपटून हसत. आज पहिलं हसू आलं तशी छातीत कळ उठली. त्यांनी ओठ दाबले. मेव्हण्याला वाटलं, अजून जोर हवा. तो उठून चालूनच दाखवू लागला. काकांचा चेहरा लाल, मग जांभळा, डोळ्यांतून पाणी. शेवटी दोन्ही हात जोडून ते म्हणाले, "नको. जा."

मेव्हणा दाराकडे सरकला. "ताई," तो दाराशी कुजबुजला, "माझ्या विनोदावर लोक हसले नाहीत असं झालंय. पण रडून हात जोडले, असं आजवर कुणी केलं नव्हतं."

"तू शिकंजा दे!"

"नाही देता येत गं!" म्हणून तो जवळजवळ पळालाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी नीट तपास करायचं ठरवलं. भात्याची गळती शोधायची त्यांची पद्धत साधी होती. भाता दाबायचा आणि घडीजवळून पेटती मेणबत्ती फिरवायची. जिथे ज्योत हलेल तिथे चीर. त्यांनी दुकानाचं दार लोटलं, सदरा काढला, आरशासमोर उभे राहिले आणि मेणबत्ती छातीसमोरून हळूहळू फिरवू लागले. नेमक्या त्याच वेळी काकू पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या.

उघडाबंब नवरा, भर दुपारी, आरशासमोर, हातात मेणबत्ती.

"अहो! हे काय?"

"हवा बघतोय."

"कसली हवा?"

"गळते का."

काकूंनी तांब्या खाली ठेवला, फडक्यावर, आणि मागच्या मागे आत गेल्या. काही प्रश्न असे असतात की त्यांची उत्तरं न मिळालेलीच बरी.

ज्योत मात्र हलली होती. ती काकांच्या नाकातून सुटलेल्या श्वासाने हलली, हे आपल्याला कळतं. काकांना चीर सापडली. आता उपाय तर रोजच्या हाताखालचा. त्यांनी मऊ कातड्याची चांगली तळहाताएवढी पट्टी कापली, कडा तासल्या, सरस कोमट केला आणि दुखऱ्या जागेवर पट्टी मायेने चिकटवली. वरून तळवा दाबून बसले. थोड्या वेळाने छोटासा श्वास घेऊन पाहिला. खरंच बरं वाटलं! पट्टीने कातडी ताणून धरल्यामुळे छाती फुगतच नव्हती, हा भाग वेगळा. काकांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि सरसाचेही.

संध्याकाळी तिथे खाज सुटली. रात्रभर तळमळून सकाळी ते मोरीत गेले. गरम पाणी झालं, साबण झाला, खोबरेल झालं. पट्टी तसूभर हलेना. ओल्या अंगाने उभ्या काकांना आपलंच वाक्य आठवलं. माझ्यामागेही निघायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कामाची खात्री त्यांना नकोशी वाटली.

त्याच दिवशी प्रवचनबाई आपली पेटी बघायला आल्या. "काका, झाली का? रविवारी लागेल मला. जरा वाजवून, गाऊन दाखवा बरं नेहमीसारखं."

काकांनी पायाने भाता मारला, पेटीच्या एका सुरावर बोट ठेवलं. पेटीचा सूर लांबच लांब गेला. काकांचा "आ" मात्र उंबऱ्यावरच बसला. परत प्रयत्न केला. परत तेच. बाईंनी कान टवकारले.

"पेटीत हवा टिकत नाहीये का?"

"पेटीत टिकते."

"मग कुठे टिकत नाही?"

काकांचा हात छातीवर गेला. गाणाऱ्या बाईला श्वासाचं काय ते कळतं. त्यांनी काकांच्या खांद्याकडे पाहिलं, उथळ वरखाली होणारे. छातीवर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं. मग उठून सरळ आत गेल्या आणि काकूंना म्हणाल्या, "वहिनी, काका श्वास चोरून घेतायत. त्यांना छातीत काहीतरी होतंय. आजच दाखवा."

काकूंना एकेक आठवू लागलं. त्रोटक बोलणं, हात जोडणं, मेणबत्ती, हवा. सगळं एकदम जुळलं. रागावलेला नवरा त्यांना चालला असता, जन्मभर रागावलेला चालला असता. डोळे पुसून त्या दुकानात आल्या.

"कधीपासून दुखतंय?"

काकांनी खोटं बोलायला श्वास भरला, तो पुरेना, म्हणून खरं सांगितलं. "जांभईपासून."

"आणि मला नाही सांगितलंत!"

"वर... ती."

दोघांनी वर पाहिलं. काकूंचा आवाज आपोआप खाली आला. "ठीक आहे. तिला कळू द्यायचं नाही. चला, घाला सदरा."

जिन्यापाशी काकूंनी वर तोंड करून गोड आवाजात सांगितलं, "बाळा, आम्ही जरा फिरून येतो हं!"

लेक खिडकीत आली. तिच्या आठवणीत आईबाबा नुसतं फिरायला म्हणून कधीच एकत्र बाहेर पडले नव्हते. त्यातून आईच्या हातात ती काळी पिशवी होती, जिच्यात घराचे सगळे औषधाचे कागद असत, आणि आईने बाबांचा हात धरला होता. भररस्त्यात! लेकीने मामाला फोन लावला.

"मामा, बाबांना काय झालंय?"

मामाला खोटं बोलता येत नसे. आणि काकूंनी निघता निघता त्याला कळवलं होतं. "हे बघ," तो म्हणाला, "मी तुला काही सांगितलेलं नाही, आणि ते दवाखान्यात गेलेत हे मला माहीतसुद्धा नाही."

"रिक्षा घेऊन ये."

"अगं पण तुझा रक्तदाब..."

"मामा. रिक्षा."

इकडे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विचारपूस केली. ताप? नाही. खोकला, थुंकीतून रक्त? नाही. चालताना दम? नाही. पाय सुजलेत, पोटरी दुखतेय? नाही. लांबचा प्रवास, फार दिवस अंथरुणाला खिळणं? नाही. पाठीला नळी लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "सदरा काढा, काका. हृदयाचा आलेख काढू."

काकांनी सदरा घट्ट धरला.

"काका."

सदरा निघाला. डॉक्टरीणबाईंनी पट्टीच्या कडेवरून बोट फिरवलं.

"हे काय आहे?"

"पट्टी."

"कोणत्या डॉक्टरांनी लावली?"

"मी."

"कशाने चिकटवलीत?"

"सरसाने," काका म्हणाले, आणि एवढ्या संकटातही त्यांच्याने राहवलं नाही, "घरचा आहे."

काकूंनी कपाळाला हात लावला. आलेखाच्या तारा नेमक्या तिथेच लावायच्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तेल चोपडलं, कोमट पाण्याच्या घड्या ठेवल्या, एक कोपरा कसाबसा सुटला. बाकीची पट्टी भात्यावर बसावी तशी बसलेली.

"आता ओढावी लागेल," त्या म्हणाल्या. "मी ओढली तर तुम्ही परत या दवाखान्याची पायरी चढणार नाही."

"द्या इकडे," काकू पदर खोचत पुढे झाल्या. "माझ्यावर रागावून जातील कुठे?"

काकांनी डोळे मिटले. काकूंनी कोपरा धरला, देवाचं नाव घेतलं आणि ओढली.

मंडळी, त्या वेळी काकांच्या तोंडून जो सूर निघाला, तसा प्रार्थनामंदिरातही कधी निघाला नव्हता. लांब, सरळ, भरलेला, कुठेही न तुटणारा. बाहेर बसलेल्या दोन रुग्णांना एकाएकी बरं वाटू लागलं आणि ते घरी निघून गेले. औषधं देणाऱ्या माणसाच्या हातून बाटली सुटली.

"बघा," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "श्वास पुरा घेता येतो तुम्हाला."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात लेक, एक हात पोटावर, आणि मागे घामाघूम मामा.

"बाबा!"

सगळे जागच्या जागी थिजले. दचकवायचं नाही, घाबरवायचं नाही! लेकीने बाबांकडे पाहिलं. छातीवर लालभडक चौकोन. आईच्या हातात कातड्याची पट्टी, तिला बाबांचे छातीचे केस उगवल्यासारखे चिकटलेले. तिला काही समजेना. मग समजलं. आणि ती जी हसायला लागली, की डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीत बसवून लगेच दंडाला पट्टा बांधला. काका, काकू, मामा, तिघंही श्वास रोखून. म्हणजे काका त्यांना जमेल तेवढा रोखून.

"एकदम व्यवस्थित आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतकं चांगलं मागच्या कुठल्याच तपासणीत नव्हतं."

"कसं असेल?" लेक डोळे पुसत म्हणाली. "घरात भांडं वाजत नाही, कुणी शिंकत नाही, बाबांच्या हातोडीला मोजा! वर पडल्या पडल्या मला वाटायचं, माझंच काहीतरी भयंकर आहे आणि तुम्ही सगळे लपवताय. त्या शांततेनेच जीव घाबरा व्हायचा माझा."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने मामाकडे, मामाने जमिनीकडे.

आलेख नीट आला. मग डॉक्टरीणबाईंनी मधल्या हाडाच्या शेजारी, एका ठरावीक जागी नुसतं बोट दाबलं.

"आई गं!"

"हीच कळ ना? श्वास घेताना येते ती?"

"हीच! अगदी हीच!"

"मग ऐका. बरगडी मधल्या हाडाला जिथे जुळते, तिथला सांधा सुजलाय. श्वास भरला की बरगड्या उघडतात, आणि सुजलेला सांधा ओरडतो. फुप्फुसं ठीक आहेत, हृदय ठीक आहे. औषध आणि विश्रांती, होईल बरं." काकांचा चेहरा उजळलेला पाहून त्यांनी बोट उगारलं. "खुलू नका! हे मी तपासल्यावर सांगतेय. अशीच कळ फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली तरी येते, आत रक्ताची गुठळी अडकली तरी येते, कधी हृदयाचीही असते. बाहेरून सगळ्या सारख्याच. ते ओळखायला मेणबत्ती चालत नाही. पुन्हा असं झालं तर त्याच दिवशी यायचं, पट्टी न लावता."

काकूंनी आल्या आल्या मेणबत्तीचंही सांगितलं होतं तर! काकांनी मान खाली घातली.

"आणि आता हे सांगा," डॉक्टरीणबाई वाकून बघू लागल्या, "छातीवर ही सरळ रेघ कसली? फूटपट्टीने आखल्यासारखी."

"फळीची असेल," काका म्हणाले. "भात्यावर फळी, फळीवर मी."

"म्हणजे तुम्ही रोज छातीने फळी दाबून धरता? त्यासाठी काही अवजार नसतं का?"

"असतं," काका म्हणाले आणि थांबले. भल्या माणसाने तेवढंच सांगितलं. पण काकूंची मान सावकाश भावाकडे वळली, लेकीचीही वळली, आणि अवजाराशी काही संबंध नसलेल्या डॉक्टरीणबाईंचीही वळली.

मामा कोपऱ्यात भिंतीला चिकटला. "मला काय माहीत भाऊजी छाती वापरतील? मी... तो शिकंजा... मी पाळणा करतोय. बाळासाठी. कुणाला सांगायचं नव्हतं. तीनदा केला, तीनदा एका बाजूला कलला. माणसं कललेल्या बाकावर बसतात, बाळ कसं निजेल? म्हणून परत सगळा सुटा करून चिकटवतोय. म्हणून शिकंजा देत नव्हतो. उद्याच आणून देतो, भाऊजी."

काकांनी उठून मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवला. बोलायला लांब वाक्य तयार होतं, पण छाती अजून दुखत होती. "राहू दे," ते म्हणाले. "पाळणा पक्का होऊ दे."

प्रश्न उरला पेटीचा. रविवार तोंडावर, भात्याची शेवटची घडी बाकी, शिकंजा पाळण्याला लागलेला, आणि काकांच्या छातीला डॉक्टरीणबाईंची सक्त मनाई. काका कपाळाला आठ्या घालून पेटीभोवती फिरत होते. काकू स्वयंपाकघरातून आल्या, हातात विणकामाची पिशवी.

"सरस लावा."

"दाबणार कोण?"

"फळी ठेवा म्हटलं ना."

फळी ठेवली. काकू तिच्यावर ऐसपैस बसल्या, सुया काढल्या आणि बाळाचं टोपडं विणू लागल्या. "आणि खबरदार," त्या नजर न उचलता म्हणाल्या, "माझ्या वजनाबद्दल एक शब्द काढलात तर."

काकांना हसू आलं. दुखलंच. तरी हसले. वर लेकीला ते ऐकू गेलं, आणि तीही हसली.

रविवारी प्रार्थनामंदिरात ती पेटी वाजली तेव्हा प्रवचनबाईंचं गाणं तिच्या सुरावर तरंगत गेलं. त्या दिवशी त्यांनी श्वासावरच सांगितलं. आईच्या पोटातून बाहेर येताच पहिली मिळते ती ही देणगी. न मागता मिळते, म्हणून कुणी आभार मानत नाही. लोक पेटीची तारीफ करत होते. मागच्या रांगेत काका अर्ध्या श्वासात धृपद म्हणत होते आणि भरल्या मनाने आभार मानत होते.

काही दिवसांनी, भर दुपारी, प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर काकांनी तो सूर ऐकला. कोरा करकरीत, वरच्या पट्टीतला, जगाला जाब विचारणारा. ऐकताना त्यांनी नकळत छाती भरून श्वास घेतला, आणि तो कुठेही अडखळला नाही. हे त्यांच्या लक्षात आलं ते बऱ्याच वेळाने, कारण तोवर ते रडत होते.

नात झाली. भाता आजोबांवर गेलाय, असं सगळं घर म्हणतं. पाळणा आला, आणि काय नवल, सरळ उभा राहिला. पण पोरगी पाळण्यात निजायला तयार नाही. तिला निजायला लागते आजोबांची छाती. तिथे पट्टीने उपटून काढलेली एक गुळगुळीत चौकोनी जागा आहे, केस अजून पुरते उगवलेले नाहीत. नेमका तिथेच गाल टेकते आणि झोपते.

परवा काकू दुकानात डोकावल्या. काका आरामखुर्चीत. श्वास उथळ, छोटा, जपून घेतलेला. काकू लगबगीने जवळ आल्या.

"अहो, परत दुखतंय?"

"नाही."

"मग पुरा श्वास का घेत नाही?"

काकांनी छातीवरच्या दुपट्याकडे डोळ्यांनी खूण केली. "उठेल."

एवढीच गोष्ट. आता जाता जाता एक मागणं आहे. पुढच्या वेळी जांभई शेवटपर्यंत गेली, की देणाऱ्याचे आभार मानाच. पण एक आठवण त्या काकूंचीही काढा. पेटी गायली, नाव काकांचं झालं. सरस वाळेपर्यंत फळीवर बसून राहिल्या त्या काकू.